डोंगराएवढा ठिपका

बाबांचा शेवटचा साधा दिवस माकडांशी भांडण्यात गेला.

शिगमा नुकताच उरकला होता. कोरगावच्या घरी बाबा बाल्कांवात, दारच्या ओटीवर, कदेल टाकून बसले होते, हातात चहात बुडवलेला उंडा पाव, समोर काजूच्या बोंडूंनी भरलेली टोपली. कौलांवर खडखड झाली आणि एक दांडगा नर सरळ टोपलीवर उतरला!

"अरे ए मधोमध भांगवाल्या! तुझ्या आज्यानं लावली होती बाग?" बाबांनी चहा ढवळायची कुलेर पत्र्याच्या डब्यावर बडवली.

नराने एक बोंडू उचलला, हुंगला, टाकला आणि दुसरा घेतला.

"बघ गौरवी, निवडून घेतो. माझ्या वर्गात एवढं चिकित्सक पोर क्वचितच निघालं." बाबांनी आयुष्यभर पेडण्यात भूगोल शिकवला. कुठल्याही भांडणातून ते शेवटी धड्यावर यायचे. "पाठीवर काय दिसतं?"

"निळा रंग."

"आणि शेपटीच्या बुडाशी?"

मी वाकून पाहिलं. तिथे हिरवा पट्टा होता.

"निळा पेडण्याच्या बागायतदारांचा. हिरवा डिचोलीवाल्यांचा. आमचे लोक माकडं पकडतात, निळा पट्टा ओढतात आणि टेंपोत घालून डिचोलीच्या डोंगरात सोडतात. डिचोलीवाले तीच पकडून हिरवा ओढतात आणि पेडण्यात आणून सोडतात. आणि दोन्हीकडे एकच बोंब, माकडं वाढली! वाढली कुठली? तीच आहेत. फुकटात गोवा दर्शन करतात!"

नर बोंडू तोंडात धरून छपरावर चढला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "पण खडपवाड्याच्या देवाच्या रायीत एक टोळी आहे. तिला अजून कुठलाच रंग लागलेला नाही. आता पिंजरेवाला तिथे यायच्या गोष्टी चालल्यात. शुक्रवारी जाऊ. तू गाडी चालव. तू गंगाकडे बस, मी वर जाऊन येतो."

मी बरं म्हटलं. मी आत्याकडे बसायचं आणि बाबांनी वर जायचं, हे लहानपणापासून असंच होतं. त्यापुढे माझ्या ओठांवर दर वेळी एक वाक्य यायचं आणि तिथेच थांबायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाल्या पोदेराचा पोंपों दारात वाजला, पुन्हा वाजला, पुढे निघून गेला. उंडे घ्यायला बाबा बाहेर आले नाहीत.

*

रायीत जायच्या मोहिमेचं कारण सिद्धीने दिलं. बाबांची विद्यार्थिनी. मांद्र्यात आईवडिलांचं पाहुण्यांसाठीचं घर सांभाळते आणि उरलेल्या वेळात माकडांच्या पाहणीचं काम करते. दिवसकार्यं संपून बरेच दिवस झाले होते. ती आली आणि बाबांच्या कदेलीवर न बसता पायरीवर बसली. त्यासाठी मला ती आवडली.

तिने फोनवर नकाशा उघडला. "हे आपलं माकड. काळ्या तोंडाचा वांदर वेगळा. हे लहान, तपकिरी, लांब शेपटीचं, डोक्यावर केसांची टोपी असलेलं. जगात फक्त दक्षिण भारतात सापडतं. दुसरीकडे कुठेच नाही. आणि उत्तरेकडून दुसरी, आखूड शेपटीची जात खाली सरकते आहे, तशी याची हद्द मागे हटते आहे. सगळ्यांना वाटतं, माकडं काय, पोत्याने आहेत. पण जगाच्या यादीत ही जात आता 'असुरक्षित' म्हणून आहे."

नकाशावर ठिकठिकाणी ठिपके होते. डिचोलीतल्या पाळी गावापुढचा एक डोंगर मात्र कोरा होता.

"सरांनी सांगितलेली टोळी. मला तिथे कुणी जाऊ दिलं नाही. म्हणतात, तिथे आहेत ती सगळी पेडण्यातून आणून टाकलेली, मूळची एकही नाही. उद्या दुपारी पिंजरेवाला येतोय. एकदा सगळ्यांना सरसकट उचललं, की रंगाची कोण आणि बिनरंगाची कोण, कोण विचारणार?"

"बाबा काय म्हणाले होते, तिथे काय बघायचं?"

"वैशाखात पाणी कुठे आहे ते. आणून सोडलेली माकडं नळावर येतात, माणसाच्या पिशवीवर येतात. जुनी टोळी रायीतल्या झऱ्यावर जाते आणि माणूस दिसला की पळते. एक फोटो मिळाला, अंगावर रंग नसलेला, तरी पुरे." ती थांबली. "पण तो झरा फक्त सरांना माहीत होता."

बाबा मूळचे खडपवाड्याचे. पाळीच्या खाणपट्ट्यात, लाल धुळीत वाढलेले. तिथल्या रायीत म्हणजे देवाच्या राखीव रानात वर्षातून एकदा गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याकडे. बाबांना भाऊ नव्हता आणि मुलगा नव्हता. त्यांच्यानंतर तो मान कुणाचा, हे कुणी विचारलं नव्हतं. उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

"उद्या पहाटे निघू," मी म्हणाले.

*

खडपवाड्यात गंगाआत्याच्या अंगणात आम्ही उतरलो तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन माहेरी परतली ती इथलीच झाली. तो मुलगा परेश, माझा आतेभाऊ, खाण चालू असताना ट्रक चालवायचा. आता त्याच्याकडे एक जुनी पिकअप आणि भरपूर वेळ होता.

"खंय चल्लात?" आत्याने विचारलं.

"रायीत."

तिचा हात परातीवर थांबला. "बायलमाणसान थंय जावचा नाय. तुका माहीत आसा."

"माहीत आहे."

"मगे?"

"बाबा गेले आत्या. आता कोण जाणार ते सांग."

आत्याने हात पुसले. दोन भाकऱ्या आणि सुक्या सुंगटांची, कोळंबीची, किसमूर केळीच्या पानात बांधून तिने माझ्या हातात दिली. "राखणदार देवचार खाता काय माकड खाता ता बघूया," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

परेश पिकअपची किल्ली बोटावर फिरवत म्हणाला, "आवय, आशीर्वाद दिलस की शाप?"

"दोनय. लागात तो घ्या."

खाणीच्या फाटकाला साखळी होती. बंद खाण, पण साखळी नवी! परेशने गाडी मागे घेतली आणि डोंगराला वळसा घालून मातीच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी आणली. खाणीतून काढून टाकलेली माती वर्षानुवर्षं रचून झालेला तो दुसरा डोंगरच होता. त्यावर एखादंच खुरटं झाड. त्याच्या माथ्यावरून पलीकडे गेलं की खाणीचा खड्डा, खड्ड्याच्या काठाने गेलं की राय. बाबा फाटकातून जायचे. त्यांना सगळे ओळखत.

"हो चढ ट्रकान केलंय कितीदा," परेश म्हणाला. ताडपत्री बांधायची जाड दोरी त्याने खांद्यावर टाकली. "पायान आज पयल्यांदाच."

ऊन वर आलं तशी माती तापली. पायाखालचे बारके खडे घरंगळायचे. एक पाऊल वर, अर्धं पाऊल खाली. सिद्धीचा कॅमेरा तिच्या छातीवर पट्ट्याने बांधलेला होता. श्वास लाल झाल्यासारखा वाटत होता. माथा दिसू लागला, तेव्हा मी घाई केली.

माती सुटली!

आधी फक्त खसखस ऐकू आली. मग पायाखालची सगळी उतरण एकदम चालू लागली. मी बसले, आडवी झाले, नखं रोवली. हाताला काहीच लागेना! खाली पावसाच्या पाण्याने कापलेली खोल घळ होती आणि मी तिच्याच दिशेने सरकत होते.

"हात सोड! पसर! पालीसारखी पड!" परेश वरून ओरडला.

मी पसरले. सरकणं मंदावलं, पण थांबलं नाही. दोरी माझ्या डोक्यावरून गेली. चुकली! परेशने ती ओढून पुन्हा फेकली. या वेळी गाठ माझ्या मनगटावर आपटली. मी ती धरली. दोरी ताणली गेली आणि माझ्या पायांखालून उरलेली माती धबाधबा घळीत कोसळली. लाल धुळीचा लोट वर आला. बराच वेळ कुणाला कुणी दिसलं नाही.

"आसस गो?"

"आहे."

"मगे वर ये. माका पण हात आसत, ते सुटतीत आता."

वर पोचल्यावर सिद्धीने माझ्या तळहातांवर पाणी ओतलं.  "परत जाऊ या का?" तिने विचारलं. त्यात भीती नव्हती. ती मला सुटायची वाट करून देत होती.

मी खाली पाहिलं. आम्ही चढून आलो होतो ती वाट आता उरलीच नव्हती.

"कुठून?" मी म्हणाले. तिघेही हसलो. धुळीने दात तेवढे पांढरे दिसत होते.

*

ढिगाऱ्यापलीकडे खड्डा होता. डोंगराचं पोट काढून घेतल्यावर तिथे पाणी साठलं होतं, हिरवंनिळं, स्थिर, इतकं सुंदर की राग यावा. काठाने एक अरुंद पायरी खणलेली होती, एका वेळी एकच माणूस मावेल एवढी. उजवीकडे चिऱ्याची उभी भिंत, डावीकडे खाली पाणी. पलीकडे मात्र कड्यावर गच्च काळोखा हिरवा पट्टा. ती राय! किंदळ, सातवीण, भेरली माडांचे झुपके. खाणीने चारी बाजूंनी कुरतडून तेवढाच घास ताटात ठेवलेला.

आम्ही भिंतीला पाठ लावून सरकत निघालो. अर्ध्या वाटेवर पायरी थोडी रुंद होती, तिथे टेकलो. सिद्धीने बिस्किटांचा पुडा काढला.

पुडा कुरकुरला. तेवढंच!

भिंतीवरून एक, मग चार, मग मोजता येणार नाहीत एवढी माकडं उतरली. पाठीवर निळे पट्टे, काहींवर निळे आणि हिरवे दोन्ही. ती माणसाला घाबरत नव्हती. पुडा म्हणजे खाणं, पिशवी म्हणजे खाणं, एवढं त्यांना आमच्याच लोकांनी शिकवलं होतं.

"हाड! जा मरे!" परेशने दोरी फिरवली. एका नराने दात विचकून ती धरलीच. दुसऱ्याने आत्याची पानातली पुडी माझ्या हातातून ओढली. एक मादी सिद्धीच्या छातीवर झेपावली. तिला कॅमेऱ्याची काळी पेटी डब्यासारखी दिसली असणार. सिद्धी मागे सरकली, तिची टाच पायरीच्या कडेवर गेली!

"कॅमेरा सोड!" मी ओरडले. "सिद्धी, सोड!"

तिने पट्ट्याची कळ दाबली. पेटी मादीच्या हातात गेली. मी सिद्धीचा दंड धरून तिला भिंतीकडे खेचलं. मादीने पेटी उघडायचा प्रयत्न केला, चावून पाहिली, आणि खाण्यासारखं काही नाही म्हणून फेकून दिली. पेटी एकदा काठावर आपटली. मग खाली, खूप खाली, पाण्यात बारीकसा आवाज झाला.

भाकऱ्या खाऊन टोळी निघून गेली. जाताना त्या मादीने वळून पाहिलं. तिच्या पाठीवरचा निळा रंग ताजा होता, पोटाला पिल्लू होतं. तिच्यावर रागावणं मला जमलं नाही. कुणाच्या तरी बागेतून उचलून तिला या उघड्या खड्ड्यावर आणून टाकलं होतं. ती तरी काय करणार होती?

परेश पानाचा तुकडा उचलून म्हणाला, "माकडान खाल्ला. देवचार उपाशी. आवयेक सांगूक होया."

सिद्धी पाण्याकडे बघत होती. "फोन आहे अजून," ती शेवटी म्हणाली. "जवळ जावं लागेल. पण आहे."

*

रायीच्या तोंडाशी एक चिरा उभा रोवलेला आहे. त्याला शेंदूर नाही, नाव नाही. त्याच्या अलीकडे चपला काढायच्या आणि आपण कोण, कुणाचे, ते सांगून आत जायचं. मानकऱ्याखेरीज कुणी ओलांडायचा नाही.

परेश चिऱ्यापासून चार हात दूरच थांबला. "हांगाच्यान फुडें माका जमाचा नाय. मी बापाकडल्यान दुसऱ्या घराण्याचो. ढिगाऱ्याक मी भिणंय नाय, पण हेका भितंय. हास हवं तर."

मी हसले नाही. मीही भीत होतेच.

सिद्धीने फोन माझ्या हातात ठेवला. "मीही इथेच थांबते. हे तुमचं आहे."

मी चपला काढल्या. आपण कोण ते सांगायचं होतं.  "गुरुदासाची मुलगी," एवढंच म्हणाले, आणि चिरा ओलांडला.

काहीच झालं नाही! ऊन एकदम बंद झालं, इतकंच. पायाखाली कुजलेल्या पानांचा मऊ गारवा. मागे खाणीची धग, पुढे ओल्या मातीचा वास. वेली मनगटाएवढ्या, मांडीएवढ्या. इतक्या वर्षांत एक फांदीही इथून कुणी तोडून नेलेली नव्हती. देवाच्या धाकाने जेवढं टिकलं होतं, तेवढंच रान या डोंगरावर उरलं होतं.

झरा कुठे? बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. पण त्यांनी शिकवलं होतं. कोरड्या दिवसांत पाणी शोधायचं तर उंबर शोध, ते वर्गात सांगायचे. आमच्याकडे त्याला रुमड म्हणतात. मी उताराच्या बाजूने रुमडाची साल शोधत निघाले. एका ठिकाणी वाट संपली आणि काटेरी वेलींची जाळी आली. तिच्याखालून पोटावर सरपटले. केस अडकले, सदऱ्याची बाही फाटली. पलीकडे निघाले आणि तिथेच थिजले.

समोर खडकाची कपार. वर रुमड. त्याची मुळं खडक फोडून आत शिरलेली आणि त्या फटीतून पाणी झिरपत होतं, ओंजळीएवढ्या कुंडीत साठत होतं. आणि कुंडीच्या बरोबर वर, कपारीच्या छताला, आग्या मोहोळ! सुपाएवढं, काळं, हलतं. क्षणाक्षणाला त्यावरून एक लाट सरकत होती.

मी मुंग्यांच्या वारुळाआड पडून राहिले. घाम डोळ्यात उतरला. पुसला नाही. एक माशी येऊन माझ्या मनगटावर बसली, चालली, उडाली. मुंग्या पोटऱ्यांवर चढल्या. उठता येत नव्हतं. मागे सरकताही येत नव्हतं.

मग पानं हलली.

आवाज न करता ती आली. आधी एक म्हातारी मादी, चेहरा सुरकुतलेला, लालसर. डोक्यावर मधोमध भांग. तिने मोहोळाकडे पाहिलं, वाकली आणि घाई न करता पाणी प्यायली. तिच्यामागून दुसरी, पोटाला पिल्लू. मग आणखी काही. कुणीही उडी मारत नव्हतं, भांडत नव्हतं. त्या मोहोळाखाली कसं वागायचं, हे त्यांच्या आयांनी त्यांना शिकवलं होतं आणि त्यांना त्यांच्या आयांनी. टेंपोतून आलेल्या माकडाला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं.

आणि पाठी स्वच्छ! तपकिरी, नितळ. एकाही पाठीवर रंग नव्हता.

मी फोन वर धरला. काचेत पिल्लू दिसलं, आईच्या हातावरचं पाणी चाटणारं. बोट टेकवलं.

खटक्!

"खॅक!" वरून एक नर ओरडला. क्षणात कुंडी रिकामी! फांद्यांचा एक झपाटा आणि मग काहीच नाही. मोहोळावरून मोठी लाट गेली. गुणगुण वाढली. वाढली. मी चेहरा पानांत खुपसला, श्वास धरला. डोक्यावरून दोन-तीन माश्या घोंघावत गेल्या, एक कानामागे डसली. दात आवळले. हलले नाही.

हळूहळू आवाज बसला. मी पालीसारखीच, मागे मागे, त्या जाळीतून बाहेर आले.

*

चिऱ्यापाशी गर्दी होती.

ढिगारा कोसळल्याची धूळ वाड्यातून दिसली होती. फाटक उघडून पाच-सहा माणसं आली होती. पुढे सगुण, केळीचा बागायतदार, बाबांच्या वयाचा. पिंजरेवाल्याला त्यानेच बोलावलं होतं. आणि सगळ्यांच्या मागे, धापा टाकत, गंगाआत्या.

"बाटयलस राय!" सगुण मला बघताच म्हणाला. "गुरुदासाचा चेडू म्हणान गप रवतंय. आनी कोण आसता तर—"

"आणखी कुणी असतं तर काय केलं असतंत, सगुणकाका?"

"तोंड बघ तेचा! बापाचाच तोंड!" मागून आत्या म्हणाली. रागाने की अभिमानाने, कळलं नाही.

"टोळी आहे," मी सिद्धीला फोन देत म्हणाले. "जुनी. रंग न लागलेली."

सिद्धीने फोटोकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला. सगुण पुढे आला. "दाखय. खंय मेळलीं? पाण्यार? म्हणजे पिंजरो खंय लावचो ता तरी कळात." तो हसला. त्यात दुष्टपणा नव्हता, थकवा होता. "बाय, माका काय माकडांची हौस नाय. ह्या वर्सा एक घड घराक येवक नाय. तू पुस्तका वाचतस. माझ्या केळी कोण राखतलो?"

फोटोत कुंडी दिसत होती. कपार दिसत होती. डोंगरावरचं वैशाखातलं एकमेव पाणी. जिच्यासाठी आम्ही जीव धोक्यात घातला होता, ती वस्तू या माणसाला दाखवली की टोळी संपली.

"नाही दाखवणार," मी म्हणाले.

"मगे माकडा आसत ह्या कोणी मानूचा?"

 मी चिऱ्याकडे वळले. लहानपणी बाबा दाराआड गाऱ्हाण्याची घोकणी करायचे आणि मी बाहेर जनेलाखाली, खिडकीखाली, बसून ऐकायचे. मी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! बारा वाड्यांच्या, बारा वाटांच्या राखणदारा म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात एकाने बोलायचं आणि सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. ते आलं नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत जात नाही. कुणी बोललं नाही. खाली खाणीच्या पाण्यावर वारा फिरला. बाईच्या तोंडचं गाऱ्हाणं त्या डोंगराने पूर्वी ऐकलं नव्हतं.

"होय म्हाराजा!" गंगाआत्या.

तिचा आवाज फाटका होता, पण मोठा. परेश तिच्याकडे बघत म्हणाला, "होय म्हाराजा."

"आज गुरुदासाचा चेडू तुझ्या दारात उभा आसा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"दर वर्साक जो येय, तो आता येवचो नाय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा..." आत्याचा आवाज मोडला. पण मागच्या दोघांनी टोप्या काढल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलले.

"ह्या सगुणाच्या केळींची राखण कर रे म्हाराजा! तेचो घड तेच्या घराक येवंदी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगुण म्हणाला.

म्हणून गेला! जन्मभराची सवय. कानावर 'रे म्हाराजा' पडलं की जीभ आपोआप वळते, आणि मागणं तर त्याचंच होतं. म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही कळलं. एकदा होय म्हटलेलं गाऱ्हाणं मध्येच सोडायची छाती आमच्याकडे कुणाची नाही.

मी नजर हलवली नाही. "ह्या रायीतला जा मुका जनावर आसा, रंग न लागलेला, पिंजरो न बघितलेला, ता तुझ्या पदरात घातला रे म्हाराजा! जो कोण तेका हात लावक येयत, तेका वाटेतसून परत फिरय रे म्हाराजा!"

 परेश बोलला नाही. आत्याही नाही. सगळे सगुणाकडे बघत होते.

त्याने टोपी काढली. "होय म्हाराजा," तो म्हणाला. मग कपाळ पुसत, "गुरुदासान शिकयला तुका ह्या?"

"नाही. चोरून ऐकलं."

"बराच ऐकलस." तो फोन काढून, येऊ नको म्हणून सांगायला, पिंजरेवाल्याला लावू लागला. नंबर दाबता दाबता थांबला. "आनी त्या निळ्यांचा काय? तीं तुमच्या पेडण्याचीं."

"त्यांच्यासाठी पेडण्यात भांडायला मी जाते. उद्यापासून. हिरव्यांसाठी तुम्ही भांडा."

"हिरवे!" परेश खो खो हसला. सगुणही, मनाविरुद्ध.

माणसं उतरू लागली. सिद्धी चिऱ्याशेजारच्या दगडावर बसून नकाशा उघडत होती. तिचं बोट कोऱ्या डोंगरावर अधांतरी थांबलं. "नेमकी जागा टाकली तर कुणालाही सापडेल. ठिपका कुठे देऊ?"

"केवढा मोठा देता येतो?"

"हवा तेवढा."

"मग डोंगराएवढा दे."

तिने दिला. पाळीपुढची कोरी जागा तपकिरी झाली.

मी चिऱ्यापाशी एकटी उरले. चपला अजून पायात नव्हत्या. आत कुठेतरी एक फांदी हलली आणि थांबली. कानामागची गांधी ठणकत होती. बाबा दर वर्षी याच चिऱ्यावरून आत गेले आणि मी खाली आत्याच्या अंगणात, त्यांच्या परतण्याची वाट बघत, बसून राहिले. ओठांवर थांबलेलं वाक्य आता थांबलं नाही. मी ते मोठ्याने म्हणाले, आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"बाबा, मला तुमच्याबरोबर यायचं होतं. दर वर्षी. तुम्ही मला न्यायला हवं होतं!"